मझल तोव्ह : अर्थ काय, आलं कुठून आणि म्हणायचं केव्हा?

अबोली | मंगळवार, रात्री १०:१२

नमस्कार. एक प्रश्न तीन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढते आहे.

मी पुण्यात बसून तेल अवीवच्या टीमबरोबर काम करते. तिथली एक सहकारी आता चांगली मैत्रीण झाली आहे. रविवारी कॉलवर तिने सांगितलं की तिला चौथा महिना आहे. मला इतका आनंद झाला की मी लगेच चॅटमध्ये लिहिलं, "मझल तोव्ह!" तिने आभार मानले. रात्री मात्र तिचा वेगळा निरोप आला, अगदी प्रेमाने लिहिलेला. या वेळी आमच्याकडे असं म्हणत नाहीत, "बेशाआ तोवा" म्हणतात, मझल तोव्ह बाळ झाल्यावर म्हण.

मग आठवलं, गेल्या वर्षी तिच्या परीक्षेच्या आदल्या रात्रीही मी हेच लिहिलं होतं. तेव्हा ती काही बोलली नव्हती. मी आजवर याचा अर्थ "शुभेच्छा" असाच धरून चालले होते.

एखाद्याच्या आनंदाच्या क्षणी आपण त्याच्या भाषेतला शब्द वापरतो, तर तो नीट माहीत असायला हवा असं मनापासून वाटतं. इथे हिब्रू जाणणारे, मूळचे कोकणातले पण आता इस्रायलमध्ये असलेले वाचक आहेत. सांगाल का?

शब्दवेध | मंगळवार, रात्री ११:०५

अबोली, शब्दशः अर्थ आधी घेऊ. "तोव्ह" म्हणजे चांगला. "मझल" (मेम, झायिन, लामेद ही तीन अक्षरं) म्हणजे मुळात आकाशातली रास, तारकापुंज, ग्रह. त्यावरून पुढे नशीब, दैव. आपल्याकडे "त्याचे ग्रह चांगले आहेत" म्हणताना ग्रह हा शब्द जसा आकाशातून घरात उतरतो, तसंच.

हिब्रू बायबलमध्ये या शब्दाचं अनेकवचन एकदाच येतं, आणि तेही निषेधाच्या सुरात. २ राजे २३:५ मध्ये यहूदाचा राजा योशीया सूर्य, चंद्र, "मझ्झालोथ" आणि आकाशातल्या सगळ्या सैन्याला धूप जाळणाऱ्या पुजाऱ्यांना काढून टाकतो. ईयोबाच्या पुस्तकात (३८:३२) "मझ्झारोथ" असा जवळचा शब्द आहे. तिथे देव ईयोबाला विचारतो की या तारका त्यांच्या त्यांच्या वेळी उगवतील असं तुला करता येतं का.

हा शब्द बॅबिलोनच्या बाजूने आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. अक्कादी भाषेत "मन्झाल्तु" आणि "मन्झाझु" म्हणजे उभं राहण्याची जागा, ताऱ्याचं स्थान. तेव्हा "मझल तोव्ह" फोडून सांगायचं तर "तारा चांगल्या जागी आहे".

उच्चार: झ हा "माझा"मधला, पण हकार काढून टाकलेला; "जास्त"मधल्या ज च्याही जवळचा. आधुनिक हिब्रूत आघात दुसऱ्या अक्षरावर, "मझाल तोव्ह". पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिडिशमध्ये पहिल्यावर, "माझ्ल तोव्ह". जगभर पसरला तो यिडिश उच्चार. इंग्रजी सिनेमांतून आपल्या कानावर पडतो तोही त्याचाच भाऊ.

ग्रहगोल | बुधवार, सकाळी ७:३०

शब्दवेध, यात भर घालतो. हिब्रूत बारा राशींना आजही "मझालोत" म्हणतात. त्यांची नावं आपल्या नावांशेजारी ठेवून बघा: ताले (मेंढा), शोर (बैल), तेओमीम (जुळे), सार्तान (खेकडा), आर्ये (सिंह), बेतुला (कुमारी), मोझ्नायिम (तराजू), आक्राव (विंचू), केशेत (धनुष्य), ग्दी (करडू), द्ली (पोहरा), दागिम (मासे). आपल्या कुंभाच्या जागी त्यांचा विहिरीचा पोहरा आहे, मकराच्या जागी करडू. बाकी सगळी मंडळी ओळखीची. राशीचक्र बॅबिलोनहून निघून एका हाताला ग्रीसमार्गे आपल्याकडे आलं आणि दुसऱ्या हाताला ज्यूंकडे गेलं, त्यामुळे ही सख्खी चुलत भावंडं आहेत.

आणि ती नुसती पुस्तकात नाहीत. उत्तर इस्रायलमध्ये बेत आल्फा इथे १९२८ च्या अखेरीस किबुत्झमधली (सामूहिक शेतवसाहतीतली) माणसं पाण्याचा पाट खणत होती, तेव्हा सहाव्या शतकातल्या सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची, जमीन लागली. रंगीत खड्यांचं मोझेक: मध्ये रथावर सूर्य, भोवती बारा राशी, प्रत्येकीवर हिब्रूत नाव. तिबेरियाजवळ हम्मातला तर चौथ्या शतकातलं असंच मोझेक आहे, आणि कारागिरी बेत आल्फापेक्षा कितीतरी नाजूक.

अबोली | बुधवार, सकाळी ९:१५

वा, किती छान माहिती. पण मग कोडं आणखी वाढलं. "तारा चांगल्या जागी असो" अशी इच्छा असेल तर ती परीक्षेच्या आधी म्हणायला काय हरकत?

लोदची आजी | बुधवार, दुपारी ४:४८

अबोली बाळ, "असो" कुठून आणलंस? त्यात "असो" नाहीच. मझल तोव्ह म्हणजे "तारा चांगला निघाला". काम झालंय, गाडी पोचलीय, आता आम्ही सगळे बघून म्हणतो की बघ, चांगलं झालं. मराठीत तुमच्याकडे दोन शब्द आहेत ना, आधी शुभेच्छा आणि नंतर अभिनंदन? मझल तोव्ह हे नंतरचं. आधीचं म्हणजे "बेहत्सलाखा". यश मिळो, असा त्याचा अर्थ. परीक्षा, मुलाखत, नवं दुकान, सगळ्याला ते चालतं.

आणि तुझ्या मैत्रिणीने सांगितलं ते "बेशाआ तोवा" म्हणजे "चांगल्या घटकेला". शाआ म्हणजे तास, घटका. बाळ अजून यायचंय. ते चांगल्या घटकेला येवो, एवढंच आपण म्हणतो. झालंच असं धरून आनंद करायचा नाही. बऱ्याच घरांत तर बाळ यायच्या आधी पाळणा, कपडे काहीच घरात आणत नाहीत. दुकानात सांगून ठेवतात, बाळ झाल्यावर उचलतात. कुणी फार कौतुक केलं की "ब्ली आयिन हारा" म्हणतात, म्हणजे दृष्ट न लागता. तू मीठमोहऱ्या ओवाळतेस तेच. तेव्हा तुझ्या मैत्रिणीला राग आला नसेल, काळजी वाटली असेल. ते मनाला लावून घेऊ नकोस.

मी ठाण्याची. आमचं सिनेगॉग शआर हशामायिम, १८७९ सालचं, अजून उभं आहे. १९६८ ला लग्न होऊन इकडे इस्रायलमध्ये लोदला आले. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, तिथले शनवार तेली. आमच्या लहानपणी सणांना मराठीच नावं होती. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, योम किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण, पुरीम म्हणजे होळीचा सण. यरुशलेमचं मंदिर पडल्याचा जो दुःखाचा उपास असतो, त्याला आजी बिरड्याचा रोजा म्हणायची, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं. तशीच आनंदाची गोष्ट झाली, मुलगा पास झाला, कुणी दुखण्यातून उठलं, की आमच्या घरी पहिला शब्द निघायचा तो "मलिदा करू या". पोहे भिजवायचे, गूळखोबरं घालायचं, वर फळं मांडायची आणि एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घ्यायचं. मझल तोव्ह आम्ही सिनेगॉगमध्ये म्हणत असू, घरात मलिद्याचं ताट बोलायचं. इथे आल्यावर शेजारी मोरोक्कोचे, समोर रुमानियाचे. त्यांच्याबरोबर राहून मझल तोव्ह दिवसातून दहादा तोंडात यायला लागलं.

कोकणकडा | बुधवार, संध्या. ६:२०

आजी, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. मी अलिबागचा. नवगावला तुमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं ती जागा, तिथली स्मशानभूमी आणि खंडाळ्याचा एलियाहू हनाबीचा खडक, सगळं शाळेत असताना सायकलवरून पाहिलंय. तो खडक बघायला लोक अजून येतात आणि खाली मलिदा होतो. "बिरड्याचा रोजा" हा शब्द मात्र आज पहिल्यांदा वाचला. जपून ठेवायला हवा.

तर्कशुद्ध | बुधवार, रात्री ९:५५

एक शंका. ज्यू धर्मात ग्रहताऱ्यांची पूजा वर्ज्य आहे हे शब्दवेध यांनीच दाखवलं. मग ज्या परंपरेने राशींपुढे धूप जाळणाऱ्यांना हाकललं, तिच्याच सगळ्यात लाडक्या अभिनंदनात रास कशी? लोकांनी अर्थ विसरून शब्द ठेवला, इतकंच आहे का हे?

शब्दवेध | गुरुवार, पहाटे ५:४०

नाही, विसरून नाही. यावर त्यांनी शेकडो वर्षं वाद घातला आहे, आणि मला तो वाद फार प्रिय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताल्मूद म्हणजे रब्बींच्या, ज्यू धर्मगुरूंच्या, चर्चांचा मोठा संग्रह. बॅबिलोनी ताल्मूदमध्ये शब्बात नावाचा ग्रंथ आहे. त्याच्या १५६ व्या पानावर रब्बी हनिना म्हणतात, रास माणसाला शहाणा करते, रास श्रीमंत करते, आणि "इस्राएललाही मझल आहे". त्याच पानावर रब्बी योहानान म्हणतात, "एन मझल ल्यिस्राएल", इस्राएलला मझल नाही. म्हणजे आमच्यावर ताऱ्यांची सत्ता चालत नाही. पुढे अब्राहामाची गोष्ट येते. तो देवाला सांगतो, मी माझं ज्योतिष पाहिलं, मला मुलगा होणं दिसत नाही. देव उत्तर देतो, तुझ्या ज्योतिषातून बाहेर ये.

मग येते रब्बी अकिवांच्या मुलीची गोष्ट. दुसऱ्या शतकातले हे फार मोठे गुरू. खाल्डियन ज्योतिषांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की तुमची मुलगी ज्या दिवशी नवरी म्हणून मांडवात जाईल, त्या दिवशी तिला साप चावेल आणि ती मरेल. बापाच्या जिवाला घोर लागला. लग्नाच्या रात्री मुलीने अंगावरची टोकदार पिन काढली आणि भिंतीच्या फटीत खोचली. ती नेमकी भिंतीतल्या सापाच्या डोळ्यात घुसली. सकाळी तिने पिन ओढली तर तिच्यामागून मेलेला साप लोंबत बाहेर आला. बापाने विचारलं, काल तू काय केलंस? ती म्हणाली, संध्याकाळी एक गरीब माणूस दाराशी आला होता. सगळे पंगतीत गुंतले होते, कुणाला त्याची हाक ऐकू आली नाही. मी माझं ताट उचलून त्याला दिलं.

अकिवा बाहेर आले आणि त्यांनी शिकवलं: दानधर्म मरणापासून सोडवतो.

तर्कशुद्ध, या गोष्टीत एक बारीक गोष्ट पाहा. ज्योतिषी खोटे ठरत नाहीत. साप खरोखर आलेला असतो. ताऱ्याने जे मांडलं ते त्या मुलीच्या एका कृतीने उलटलं. म्हणजे रास आहे, पण शेवटचा शब्द तिचा नाही. "मझल तोव्ह" मला त्या सकाळी म्हणावंसं वाटतं, साप बाहेर आल्यावर. लोदच्या आजी म्हणतात ते "नंतरचं" हेच असावं.

अर्थात ताल्मूद एकाच सुरात बोलत नाही. मोएद कातान या ग्रंथात रावा नावाचे रब्बी अगदी जड मनाने म्हणतात की आयुष्य, संतती आणि उपजीविका पुण्यावर ठरत नाही, मझलवर ठरते. ते दोन गुरूंचं उदाहरण देतात. दोघेही सत्पुरुष, दोघांच्याही प्रार्थनेने पाऊस पडायचा. एकाला ९२ वर्षांचं आयुष्य आणि घरात साठ लग्नाच्या पंगती, दुसऱ्याला ४० वर्षं आणि घरात साठ शोक. बाराव्या शतकाच्या शेवटी थोर ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदीस यांनी फ्रान्सच्या दक्षिणेतल्या पंडितांना पत्र लिहून ज्योतिष साफ नाकारलं. मैमोनिदीस यांच्या बाजूने मी आहे, पण रावांचं वाक्य वाचल्यावर गप्प बसायला होतं, हेही खरं.

नाशिकचा भिक्षुक | गुरुवार, सकाळी ११:१०

मी गेली तीस वर्षं लग्नं लावतो. अकिवांच्या मुलीची गोष्ट वाचून थांबलो आणि आमची शेवटची मंगलाष्टका आठवली:

तदेव लग्नं सुदिनं तदेव ताराबलं चंद्रबलं तदेव ।
विद्याबलं दैवबलं तदेव लक्ष्मीपते तेऽङ्घ्रियुगं स्मरामि ॥

पंचांग पाहून, घटिका मोजून, ताराबल आणि चंद्रबल तपासून मुहूर्त काढायचा. आणि अक्षता टाकायच्या नेमक्या क्षणी म्हणायचं की देवा, तुझे पाय आठवणं हाच मुहूर्त, हेच ताराबल. अंतरपाट दूर होतो तो या श्लोकावर. "एन मझल ल्यिस्राएल" मला या ओळीच्या फार जवळचं वाटलं. धर्म वेगळे, देव वेगळे, त्यामुळे ओढूनताणून सारखेपणा दाखवायचा नाही. पण लग्नाच्या क्षणी तारे आठवायचे आणि त्यांच्या वरच्यालाही आठवायचं, ही दोन्हीकडची माणसाची गरज आहे असं मला वाटतं.

त्यांच्या लग्नात मझल तोव्ह नेमकं कधी म्हणतात?

लोदची आजी | गुरुवार, दुपारी ३:३०

गुरुजी, नमस्कार. हुप्पा म्हणजे आमचा मांडव, चार काठ्यांवर कापड. त्याच्याखाली सात आशीर्वाद होतात. शेवटी नवरा उजव्या पायाखाली काचेचा ग्लास फोडतो. फुटल्याचा आवाज आला की अख्खं सभागृह ओरडतं, मझल तोव्ह! आमच्या बेने इस्रायल लग्नात त्याआधी नवरा आपल्या नवरीकडे तोंड करून "योनाती झिव्ह" गातो, ती येत असताना. पांढऱ्या साडीत आले होते मी. आदल्या रात्री मेंदी. माझ्या नवऱ्याचा आवाज बसला होता तरी त्याने पूर्ण गाणं म्हटलं.

ग्लास का फोडतात ते शब्दवेध भाऊ सांगतील. माझे वडील एवढंच सांगायचे की यरुशलेमचं मंदिर पडलंय हे सुखातही विसरायचं नाही.

शब्दवेध | गुरुवार, रात्री ८:१५

वडिलांनी सांगितलं तेच आज सगळीकडे मानतात. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं त्याची ती आठवण. त्याआधीचा एक धागा ताल्मूदमध्ये आहे: मुलाच्या लग्नात पाहुणे रब्बी फारच रंगात आले तेव्हा यजमानाने चारशे झूझ किमतीचा प्याला आणून त्यांच्यासमोर फोडला आणि ते गंभीर झाले. म्हणजे काच फुटते ती भान येण्यासाठी, आणि त्याच क्षणी सगळे ओरडतात मझल तोव्ह. हे दोन्ही एका श्वासात येतं याचा मला नेहमी अचंबा वाटतो.

तांब्यापितळ | शुक्रवार, सकाळी १०:०२

मी जुन्या धातुकामाची अभ्यासक आहे, त्यामुळे माझ्या बाजूने दोन वस्तू ठेवते. मझल तोव्ह किती जुनं, याचा हातात धरता येईल असा पुरावा.

जर्मनीत एर्फुर्ट इथे १९९८ मध्ये जुन्या ज्यू वस्तीत खोदकाम करताना भिंतीखाली एक ठेवा सापडला. चांदीची नाणी, लगडी, दागिने, मिळून जवळजवळ तीस किलो. काळ्या मृत्यूची, म्हणजे प्लेगची, साथ आली तेव्हा विहिरींत विष कालवल्याचा आळ घालून ज्यूंची कत्तल झाली. १३४९ च्या मार्चमध्ये एर्फुर्टची वस्ती संपली. त्या सुमारास कुणीतरी तो ठेवा पुरला आणि परत यायला उरलं नाही. त्यात सोन्याची एक लग्नाची अंगठी आहे. तिच्यावर छोटंसं घर आहे, गॉथिक कमानींचं, आणि छपरावर हिब्रू अक्षरं: मझल तोव्ह. तिथल्या जुन्या सिनेगॉगमध्ये ती आज पाहता येते. फ्रान्समध्ये कोल्मार इथे १८६३ ला अशीच अंगठी मिळाली, तीही त्याच काळातली, तिच्याही छपरावर हीच सहा अक्षरं.

दुसरी वस्तू दगडाची. दक्षिण जर्मनीतल्या सिनेगॉगच्या बाहेरच्या भिंतीत "लग्नाचा दगड" बसवलेला असे. त्यावर मोठा तारा कोरलेला, आणि बऱ्याच ठिकाणी मझल तोव्हची आद्याक्षरं. लग्न लागलं की नवरा ग्लास पायाखाली न घेता त्या ताऱ्यावर फेकून फोडायचा. शब्दातला तारा, दगडातला तारा आणि फुटणारी काच, तिन्ही एका जागी.

इटलीतल्या आणि इतरही जुन्या सजवलेल्या विवाहपत्रांच्या माथ्यावर "बेसिमान तोव्ह ऊव्हमझल तोव्ह" असं लिहिलेलं दिसतं. सिमान म्हणजे खूण, शकुन.

लोदची आजी | शुक्रवार, सकाळी ११:२०

हे तर गाणं आहे! "सिमान तोव्ह ऊमझल तोव्ह, यहे लानू ऊल्खोल यिस्राएल". चांगला शकुन आणि चांगला तारा आम्हाला आणि सगळ्या इस्राएलला लाभो. बार मित्स्वाला मुलगा तेराव्या वर्षी पहिल्यांदा तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचतो, त्याच्यावर बायका वरून गोळ्या उधळतात आणि हे म्हणतात. दर महिन्याला नव्या चंद्राची प्रार्थना असते ना, बाहेर उघड्यावर उभं राहून, त्यातही हेच शब्द तीनदा येतात. तेव्हा खरंच आकाशाकडे बघून म्हणतो आम्ही. शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची, तयारी करायची आहे, आता रविवारी येते.

ऑपेरा हाउस | शनिवार, दुपारी १२:४५

माझी एक भर, कदाचित कुणाला माहीत नसेल. हा शब्द मुंबईत रोज बोलला जातो, आणि बोलणारे ज्यू नसतात.

मी हिऱ्यांच्या बाजारात अठ्ठावीस वर्षं काढली, आधी ऑपेरा हाउसला पंचरत्न इमारतीत, मग २०१० नंतर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये. सौदा ठरला, भाव पटला की हात मिळवून एकच शब्द म्हणायचा: "मझल". पूर्ण रूप "मझल उब्राखा", म्हणजे मझल आणि बरकत. बेल्जियमचं अँटवर्प, इस्रायलचं रामत गान, न्यूयॉर्क, मुंबई, सगळीकडे हेच. हा शब्द उच्चारला की सौदा पक्का. लाखोंच्या मालावर कागद नंतर होतात, पण मझल म्हटल्यावर माघार नाही. ज्याने माघार घेतली त्याच्याशी बाजार व्यवहार करत नाही. युरोपात हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या ज्यू व्यापाऱ्यांच्या हातात होता. आमचे पालनपुरी जैन शेठ अँटवर्पला गेले आणि त्यांच्याबरोबर हा शब्द आमच्याकडे आला. समोर गुजराती शेठ, मध्ये मारवाडी दलाल, मी गिरगावचा मराठी, आणि तिघांच्या तोंडी हिब्रू.

लोदच्या आजींचं "काम झाल्यावर म्हणायचं" वाचलं आणि एकदम पटलं. भाव चालू असताना कुणीही मझल म्हणत नाही. म्हटलं तर संपलं.

अबोली | शनिवार, दुपारी २:००

ऑपेरा हाउस, हे अजिबात माहीत नव्हतं! माझ्या मामांनी आयुष्यभर हिऱ्यांत काम केलं. आज फोन करून विचारलं तर म्हणाले, "मझल ना? तो तर आमचा शब्द."

माधुकरी | शनिवार, रात्री ९:३०

सोप्या बाजूचं थोडं. यिडिशमध्ये दुर्दैवी माणसाला "श्लिमाझ्ल" म्हणतात, जर्मन "श्लिम" (वाईट) अधिक मझल. डच लोक आजही निरोप घेताना "दे मझ्झल!" म्हणतात. बाराव्या शतकात स्पेनमध्ये अब्राहाम इब्न एझ्रा नावाचे मोठे कवी आणि ज्योतिर्विद होते. त्यांनी आपल्या ग्रहांबद्दल लिहिलंय, त्याचा भाव असा: मी मेणबत्त्या विकायला बसलो तर मी मरेपर्यंत सूर्य मावळायचा नाही, आणि कफनं विकायला घेतली तर मी जिवंत असेपर्यंत कुणी मरायचं नाही. हा माणूस आयुष्यभर गावोगाव हिंडला. त्यामुळे या ओळी वाचताना मला हसू येतं आणि लगेच वाईटही वाटतं.

स्पेनमधून बाहेर पडलेल्या ज्यूंच्या लादिनो भाषेत "मझल बुएनो" असं निम्मं हिब्रू निम्मं स्पॅनिश रूप आहे. आणि मझल हे मुलीचं नावही आहे, येमेनी घरांत तर फार. आपल्या भाग्यश्रीसारखं.

मोल्सवर्थप्रेमी | रविवार, सकाळी ८:१०

सकाळपासून एक गोष्ट सांगायची उत्सुकता आहे. आपली "मजल"! मजल दरमजल करत जाणे, मजल मारणे. हा शब्द अरबी "मन्झिल"वरून, मुक्कामाची जागा, एका दिवसाची चाल. "मजला" आणि "मंझिल" त्याच घरातले. आणि अरबी ज्योतिषात चंद्राच्या अठ्ठावीस मुक्कामांना "मनाझिल अल्‌ कमर" म्हणतात, म्हणजे आपली नक्षत्रंच. मग मझल आणि मजल एकच का?

शब्दवेध | रविवार, सकाळी १०:३५

प्रश्न सुंदर आहे, म्हणून सांभाळून उत्तर देतो. अरबी मन्झिलचा धातू न-झ-ल, उतरणे. घोड्यावरून उतरायची जागा ती मन्झिल. मझल अक्कादीतून आलं असं धरलं तर तिथला धातू "उभं राहणे" असा आहे, म्हणजे मूळ वेगळं. दुसरीकडे हिब्रूतही न-झ-ल आहे, "झिरपणे, वाहणे" या अर्थाने, आणि वरून झिरपणारी कृपा म्हणजे मझल अशी व्याख्या धार्मिक लेखनात आवडीने करतात. ती मनोहर आहे, पण व्युत्पत्ती म्हणून मी ती पुढे करणार नाही. ताऱ्यांचे "मुक्काम" या कल्पनेपाशी अरबी आणि हिब्रू शब्द एकमेकांना भेटतात, इतकं नक्की म्हणता येईल. सख्खे म्हणू नका, शेजारी म्हणा.

एक मात्र तुमच्यामुळे सुचलं. "केवढी मजल मारलीस!" हे आपलं अभिनंदनही गाडी पोचल्यावरच म्हणायचं असतं.

लोदची आजी | रविवार, संध्या. ५:५०

शब्बाथ छान गेला. एक राहिलं होतं. सगळ्याला मझल तोव्ह चालत नाही. सिनेगॉगमध्ये कुणी तोरा वाचायला वर जाऊन आला की त्याला मझल तोव्ह नाही म्हणायचं. आम्ही सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या) पद्धतीचे, आम्ही म्हणतो "हज़ाक ऊबारूख", बळकट राहा आणि आशीर्वादित हो. युरोपचे लोक म्हणतात "यशर कोआख", तुझी ताकद नीट राहो. तिथे माणसाने मेहनत केली असते, म्हणून ताकदीला शाबासकी.

शब्दवेध | रविवार, रात्री ९:०५

आजी, हे सांगितलंत फार बरं झालं. यशर कोआखचं मूळ तर विलक्षण आहे. ताल्मूदमध्ये रेश लाकिश म्हणतात की मोशेने सोन्याचं वासरू पाहून दहा आज्ञांच्या पाट्या फोडल्या, तेव्हा देव त्याला म्हणाला, "यीशर कोहखा शेशिबार्ता". फोडल्यास ते बरं केलंस, तुझं बळ नीट राहो. म्हणजे दोन्हीकडे काहीतरी फुटतंच, इथे पाट्या आणि तिथे ग्लास.

अबोली | पाच महिन्यांनंतर, बुधवार, सकाळी ८:२०

धागा वर काढते आहे. काल रात्री तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप. सकाळी उठल्या उठल्या फोनवर हिब्रू कळफलक चालू केला, उजवीकडून डावीकडे एकेक अक्षर शोधून मझल तोव्ह लिहिलं आणि पाठवलं. तिने लगेच बाळाचा फोटो पाठवला.

लोदची आजी | बुधवार, सकाळी ११:०५

मझल तोव्ह, मझल तोव्ह! ब्ली आयिन हारा. नाव काय ठेवलं?

अबोली | बुधवार, सकाळी ११:१८

अजून सांगत नाहीये. शनिवारी सिनेगॉगमध्ये तिचा नवरा तोरासाठी वर जाईल तेव्हा ठेवणार म्हणाली. त्यालाही काहीतरी लिहायला हवं ना आजी? त्याचं घराणं इराकचं.

लोदची आजी | बुधवार, सकाळी ११:४०

हज़ाक ऊबारूख. पण रविवारी पाठव. शनिवारी फोन बघणार नाहीत.